मोर्चातल्या आजीचा फोटो

आजचा आपला विषय आहे फोटो. लग्नाचा किंवा वाढदिवसाचा नाही, तर मोर्चात चालणाऱ्या, धरण्याला बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा फोटो.

आता गटातल्या बऱ्याच जणींकडे मोबाइल आहे. तहसील कचेरीवर मोर्चा गेला की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर ढीगभर फोटो येतात. झेंडे असतात, बॅनर असतो, निवेदन देताना ओळीत उभे राहिलेले पुढारी असतात. आपण ते भराभर पुढे सरकवतो. मग एखादा फोटो असा येतो की अंगठा थांबतो. एखादी आजी उन्हात बसलेली असते आणि तिच्या तोंडाकडे बघितलं की ती तिथे का आली ते न सांगता कळतं. असा फोटो कसा निघतो आणि काढताना काय सांभाळायचं, ते आज बघू.

तुम्हाला 2018 सालचा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवत असेल. 6 मार्चला नाशिकहून हजारो शेतकरी पायी निघाले. त्यात आदिवासी बायाबापड्या खूप होत्या, वय झालेली माणसं खूप होती. सुमारे 180 किलोमीटर चालून ते मुंबईला पोहोचले. दहावीच्या परीक्षा चालू होत्या. मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीतून चालले आणि 12 मार्चला पहाटे आझाद मैदानावर आले.

त्या मोर्चाचे कितीतरी फोटो निघाले, पण लोकांच्या मनात राहिले ते पायांचे फोटो. फाटलेल्या चपला, फोड आलेले तळवे, सोललेली कातडी. ते बघून शहरातली माणसं पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर आली. त्याच दिवशी सरकारने बऱ्याचशा मागण्या मान्य केल्याचं लेखी दिलं. ते फोटोमुळे झालं असं मी म्हणणार नाही. चालले ते लोक, झिजले त्यांचे पाय. पण हे पाय किती चाललेत ते घरात बसलेल्या माणसापर्यंत फोटोने पोहोचवलं.

मात्र पायांचा फोटो बघून लोकांना कळवळा आला, तरी ही माणसं काय मागत होती ते किती जणांना कळलं? त्यांची एक मोठी मागणी होती ती कसत असलेली वनजमीन नावावर करून देण्याची. त्यासाठी 2006 चा वनहक्क कायदा आहे. या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट आहे, ती आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावी. जमीन कोण कसत होतं हे ठरवताना, दावा करणारा सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिकत हासुद्धा एक पुरावा धरला जातो. म्हणजे ज्या आजीला आपण "बिचारी म्हातारी, कशाला आली उन्हात" म्हणतो, ती साक्षीदार आहे. बांध कुठे होता, नांगर कोणी धरला, जंगलखात्याने कधी हाकललं, ते तिने डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. मोर्चातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो साक्षीदाराचा वाटला पाहिजे, भिकाऱ्याचा नाही. बघणाऱ्याला नुसती दया आली तर फोटो अर्धाच झाला. तिचं मागणं काय आहे आणि ते तिच्या हक्काचं आहे, एवढं त्यातून पोहोचायला हवं.

आता भावना कुठे दिसते? आपल्याला वाटतं, रडताना नाहीतर घोषणा देताना फोटो काढला की भावना आली. पण घोषणा देताना सगळ्यांची तोंडं सारखीच दिसतात. खरी भावना घोषणा संपल्यानंतरच्या क्षणात असते. माइकवर कोणी सांगतं, "साहेब आज भेटणार नाहीत," तेव्हा आजोबांची मान कशी वळते ते बघा. शेजारची बाई पाण्याची बाटली पुढे करते तेव्हा आजीचा चेहरा कसा सैल होतो ते बघा. आणि आनंदही टिपा. मोर्चात म्हाताऱ्या बाया हसतात, एकमेकींची थट्टा करतात, तंबाखू मागतात. त्याही फोटोत यायला हव्यात. नाहीतर म्हातारपण म्हणजे नुसतं दुःख असं दिसतं आणि ते खोटं आहे.

हातही बघत जा. म्हाताऱ्या माणसाच्या हातात बहुधा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात सातबारा, रेशनकार्ड, जुन्या अर्जाची पोच असं सगळं घडी करून ठेवलेलं असतं. ती पिशवी छातीशी धरलेले हात पुष्कळ काही सांगतात. फक्त कागदाचा फोटो काढू नका. आधार नंबर, खात्याचा नंबर दिसला तर उद्या कोणी गैरफायदा घेईल.

आता फोटो काढण्याची रीत. आधी कॅमेऱ्याची काच पदराने पुसून घ्या. मोबाइल पीठाच्या, तेलाच्या हातात फिरलेला असतो, म्हणून अर्धे फोटो धुरकट येतात. मग खाली बसा. आजी जमिनीवर बसलेली आणि आपण उभ्याने वरून फोटो काढला तर ती लहान, दीनवाणी दिसते. आपला मोबाइल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आला की ती आपल्याशी बोलतेय असं वाटतं.

लांबून झूम करू नका. झूमने फोटो फुटतो आणि चोरून काढल्यासारखाही दिसतो. दोन-तीन हातांवर बसा. भर दुपारी टोपीखाली किंवा पदराखाली तोंड काळं पडतं. अशा वेळी झाडाच्या नाहीतर मांडवाच्या कडेच्या सावलीत बसलेलं माणूस शोधा आणि पडद्यावर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे मोबाइल उजेड चेहऱ्यासाठी धरतो. फ्लॅश लावू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना तो झोंबतो आणि चेहराही सपाट येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो ब्युटी मोड बंद करा. तो सुरकुत्या पुसतो. ज्या चेहऱ्याने सत्तर पावसाळे बघितले, त्याच्यावरचे पावसाळेच पुसून टाकले तर राहिलं काय?

मागे काय दिसतंय तेही बघा. कचेरीची पाटी, फलकावरचे दोन शब्द, सोबतच्या बाया, यातलं काहीतरी फोटोत असू द्या. नुसता चेहरा घेतला तर तो बाजारातला की मोर्चातला ते कळत नाही.

यानंतर परवानगीची गोष्ट. "आजी, तुमचा फोटो काढू का?" एवढं विचारायला काही पैसे पडत नाहीत. काही जणी म्हणतील, विचारलं की आजी पदर सावरून ताठ बसते, मग भाव जातो. जाऊ द्या. एक ताठ बसलेला फोटो काढा, तिला दाखवा, मग शेजारी बसून गप्पा मारा. नातवंडं किती, भात किती झाला, गुडघे कसे आहेत. पाच मिनिटांत ती मोबाइल विसरते आणि खरा चेहरा परत येतो. घाई करणाऱ्याला तो फोटो मिळत नाही.

आजी नको म्हणाली तर नको. तिला भीती असू शकते. फोटो बघून कोणी पगार अडवेल, कोणी घरी येऊन दटावेल. तिच्या भीतीला हसू नका. तिची तयारी असेल तर हातांचा, पावलांचा, पाठमोरा फोटो काढा. आणि फोटो कुठे जाणार तेही आधीच सांगा. गटात पाठवणं वेगळं आणि वर्तमानपत्रात देणं वेगळं.

शेवटचा मुद्दा फोटोखालच्या ओळींचा. 2020 मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी पंजाबातल्या एका आजीचा फोटो सगळीकडे फिरला. कमरेत वाकलेली, हातात झेंडा घेऊन चाललेली आजी. समाजमाध्यमावर एका पोस्टमध्ये तिला दिल्लीच्या शाहीन बागच्या धरण्यातली दादी ठरवलं गेलं आणि ती शंभर रुपयांत मिळते असं लिहिलं गेलं. खरं तर ती वेगळीच बाई होती, घरची शेती असलेली शेतकरीण. फोटो खरा होता, पण त्याखालच्या खोट्या ओळीने तिची अब्रू गेली आणि म्हातारपणी तिला कोर्टात जावं लागलं.

म्हणून फोटो पुढे पाठवताना त्याच्यासोबत तारीख, ठिकाण आणि मागणी लिहा. आजीची हरकत नसेल तर तिचं नाव लिहा आणि शक्यतो तिच्याच तोंडचं एक वाक्य लिहा. "बिचारी वृद्धा" असं लिहू नका. "तीन वर्षांपासून वनजमिनीच्या दाव्याची वाट पाहणाऱ्या अमुक आजी" असं जे खरं असेल ते लिहा. उघड्या फोटोला कोणीही काहीही चिकटवतं. नीट ओळी लिहिलेल्या असल्या की खोटं पकडणं सोपं जातं. मूळ फोटो आपल्या मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि कोणाला छापायला द्यायचा असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो बारीक होत नाही.

आणि एक करा. चांगला आलेला फोटो स्टुडिओतून छापून आजीला नेऊन द्या. तिचे फोटो बाकीचे सगळे बघतात, तिच्याकडे मात्र बहुधा एकही नसतो.

पुढच्या बैठकीत बचत आणि कर्जाचा हिशेब झाला की अर्धा तास याला द्या. प्रत्येकीने गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचा एकच फोटो आणि खाली दोन ओळी आणायच्या. घरचा ओटा, रेशनची रांग, पेन्शनसाठी बँकेबाहेर बसलेली माणसं, कुठलाही चालेल. फोटो एकमेकींना दाखवायच्या आधी त्या दोन ओळी त्या आजीला किंवा बाबांना वाचून दाखवा आणि विचारा, "हे बरोबर आहे ना?" ते हो म्हणाले तर फोटो जमला. नाही म्हणाले तर ते सांगतील तसं लिहा.