शिल्लक पर्सचं करायचं काय?

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव ९ आणि १० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत झाला. प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त पाच कोटी खर्च करता येणार होते. तेलुगू टायटन्सने त्यातले २ कोटी ६० लाख ५० हजार एकट्या पवन सेहरावतवर लावले. तोवर या लीगमध्ये एवढी बोली कुणालाच लागली नव्हती. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. म्हणजे दोघांनीही निम्म्याच्या आसपास थैली एकाच माणसावर रिकामी केली. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत अंतिम सामना झाला आणि पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदाच चषक उचलला. त्याच शहराचा टायटन्स संघ २२ सामन्यांपैकी दोनच जिंकून गुणतक्त्याच्या तळाशी होता.

हिंगोलीकराने यातला कुठला संघ आपला मानावा, हा तसा गमतीचाच प्रश्न. नकाशावर पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. निजामाच्या काळात इथे लष्करी छावणी होती आणि जुन्या पिढीचे नातेसंबंध, दवाखाने, खरेदी यांची ओढ त्या दिशेलाच होती. पण आपण कुठल्याही बाजूचे असलो तरी या दोन संघांचे हिशेब शेजारी-शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. हरणाऱ्या संघाच्या हातात पैसे उरले तर त्याने ते कशावर लावावेत, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण महाराष्ट्रात तरी शोधून सापडणार नाही.

आधी ही खर्चाची मर्यादा कशासाठी असते ते पाहू. सर्वांत श्रीमंत मालकाने सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत, एवढाच तिचा हेतू. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये ती १९९४ पासून आहे. २०२४ साली तिथे एका संघाला खेळाडूंच्या पगारावर २५ कोटी ५४ लाख डॉलर खर्च करता येत होते. न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षी नेता येते, पण काही वर्षांच्या हिशेबात ठरावीक वाटा खर्च करावाच लागतो, नाहीतर मालक पैसे दाबून बसले असते. पैशाचं अंतर असं मिटवल्यावर उरतं ते फक्त डोकं. सगळ्यांच्या खिशात सारखीच रक्कम असताना एखादा संघ वर्षानुवर्षं तळाशी राहत असेल, तर गरिबीचं कारण त्याला देता येत नाही.

त्याच लीगमधला क्लीव्हलंड ब्राउन्सचा २०१७ सालचा व्यवहार मला फार आवडतो. हा संघ आदल्या हंगामात १६ सामन्यांपैकी एकच जिंकला होता आणि मर्यादेखाली त्याच्याकडे भरपूर पैसे पडून होते. ह्यूस्टन टेक्सन्स संघाला ब्रॉक ऑसवायलर हा महागडा क्वार्टरबॅक डोईजड झाला होता. ब्राउन्सने त्याचा १ कोटी ६० लाख डॉलरचा पगार आपल्या खात्यावर घेतला आणि त्या बदल्यात ह्यूस्टनकडून नव्या खेळाडूंच्या निवडीतली २०१८ ची दुसऱ्या फेरीची एक जागा मिळवली. ऑसवायलर तर हंगामापूर्वीच मोकळा केला. त्या जागेवर निवडला गेला निक चब, आणि तो पुढे लीगमधल्या उत्तम रनिंग बॅकपैकी एक ठरला. २०१७ मध्ये ब्राउन्स सोळाच्या सोळा सामने हरले, शहरभर टिंगल झाली. २०२० च्या हंगामात मात्र ते ११ सामने जिंकून बाद फेरीत पोहोचले. उरलेल्या पैशातून त्यांनी आजचा खेळाडू घेतला नव्हता, तीन वर्षांनंतरचा घेतला होता. (हाच संघ २०२२ मध्ये डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकला २३ कोटी डॉलरची हमी देऊन बसला, ती वेगळी आणि दुःखाची गोष्ट.)

प्रो कबड्डीत असा पगार अंगावर घेऊन भविष्य विकत घेता येत नाही. इथे लिलाव आहे, जुने खेळाडू राखून ठेवण्याची सोय आहे, आणि आपल्याच माजी खेळाडूवर दुसऱ्याने लावलेल्या शेवटच्या बोलीएवढी रक्कम देऊन त्याला परत घेण्याचं कार्डही आहे. पण खरी चावी आहे नवोदित खेळाडूंच्या करारात. जे खेळाडू अजून लीगमध्ये उतरलेले नाहीत त्यांना ठरलेल्या, तुलनेने लहान रकमेवर संघात घेता येतं आणि एकापेक्षा जास्त हंगाम ठेवता येतं. पोरगं चमकलं तरी लगेच लिलावाच्या भावात जात नाही. वसमत-कळमनुरीकडच्या हळद उत्पादकाला हे समजावून सांगायला नको. बाजारात भाव कितीही चढला तरी तो बेण्याचे जेठे गड्डे विकत नाही.

आता पवनचं काय चुकलं? त्याचं काहीच नाही. त्या हंगामातही त्याने दोनशेहून अधिक गुण चढाईत मिळवले. गणित कबड्डीच्या नियमात अडकलेलं आहे. चढाईपटू बाद झाला की त्याला बाहेर बसावं लागतं. त्याच्या संघाने समोरचा एखादा गडी बाद केला तर आपला एक गडी जिवंत होतो, आणि बोनसच्या गुणाने कुणी जिवंत होत नाही. म्हणजे पवनला मैदानात परत आणायचं काम त्याच्या बचावपटूंचं, नाहीतर दुसऱ्या चढाईपटूचं. बचाव कच्चा असेल तर अडीच कोटींचा माणूस चाळीस मिनिटांतला मोठा भाग बाकावर बसून काढतो. समोरचा संघही बावळट नसतो. पवनला एकदा पकडायचं आणि मग घाई करायची नाही, दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या, म्हणजे ‘करो या मरो’ चढाईची वाट पाहायची, एवढा डाव पुरतो. दहाव्या हंगामात टायटन्सचे सामने पाहताना हे इतक्या वेळा दिसलं की शेवटी शेवटी कंटाळा आला.

टायटन्सची ही सवय जुनी. २०१९ मध्ये त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाख लावले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. आदल्या वर्षी हाच सिद्धार्थ यू मुंबाला ३६ लाख ४० हजारांत मिळाला होता. टायटन्स बारा संघांत अकरावे आले. आठव्या हंगामात त्यांनी त्याला कार्ड वापरून १ कोटी ३० लाखांत परत घेतलं आणि २२ पैकी एकच सामना जिंकला. नववा हंगाम, दोन विजय. दहावा, दोन. लागोपाठ तीन वर्षं संघ तळाशी, आणि त्यातल्या दोन लिलावांत थैलीचा मोठा हिस्सा एकाच चढाईपटूवर गेलेला.

मालकांच्या बाजूनेही बोलायला हवं. मोठं नाव असेल तर तिकीट खपतं, प्रायोजक येतो, टीव्हीवर संघाची जाहिरात होते. हरणाऱ्या संघाला या गोष्टींची भूक जास्तच असते. म्हणून तर असे संघ लिलावात सर्वांत आधी हात वर करतात. पण यातलं काहीच गुणतक्त्यात धरलं जात नाही.

शादलुईच्या प्रवासात याचा पुरावा आहे. डावा कोपरारक्षक, घोट्याला हात घालण्यात वाकबगार, भाव लागोपाठ तीन लिलावांत दोन कोटींच्या पुढे. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने घेतला, पलटण विजेती. अकराव्या हंगामात हरियाणा स्टीलर्सने २ कोटी ७ लाखांत घेतला, हरियाणा विजेता. बाराव्या हंगामात गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाखांत घेतला, आणि गुजरात पहिल्या आठांतही नाही. माणूस तोच, रक्कम जवळपास तीच. फरक त्याला घेणाऱ्या संघांत होता. पलटण आदल्या वर्षी उपविजेती होती, १७ डिसेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ अशी हरलेली. हरियाणाही आदल्या वर्षीचा उपविजेता. गुजरात मात्र तळाकडून आला होता. बाराव्या हंगामात बंगाल वॉरियर्सने देवांक दलालवर २ कोटी २० लाख ५० हजार लावले. चढाईत तो आदल्या वर्षी पाटण्यासाठी तीनशेपार गेला होता. बंगालही पहिल्या आठांत नाही.

मोठा खेळाडू शेवटी घ्यायचा असतो. भिंत उभी असेल तरच तो वरचा थर होतो. हरणारा संघ तो आधी घेतो आणि मग उरलेल्या पैशात भिंत बांधायला बघतो.

पलटणची भिंत कशी उभी राहिली हे म्हणूनच जास्त महत्त्वाचं. पहिल्या दोन हंगामांत, २०१४ आणि २०१५ मध्ये, हा संघ आठपैकी आठवा होता. मग मनजीत छिल्लर, अजय ठाकूर, दीपक हुडा अशी तयार नावं आणून तिसऱ्या हंगामात तिसरा आला. पैसे टाकून वर येता येतं हे त्यात दिसलं, पण टिकता येत नाही हेही दिसलं. सहाव्या हंगामात नितीन तोमरवर १ कोटी १५ लाख लावले तरी बाद फेरी हुकली. सातव्यात संघ दहावा. त्याच हंगामात पंकज मोहिते हा महाराष्ट्राचा पोरगा संघात आला. आठव्या हंगामात नवोदितांमधून अस्लम इनामदार आणि मोहित गोयत आले. अस्लम अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला. नाशिककडचा आकाश शिंदे, संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नादराजन ही सगळी जवळपास एका वयाची मुलं पुढे एकत्र खेळत राहिली. बी. सी. रमेश यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला. नवव्या हंगामात हाच गट अंतिम सामन्यात पोहोचला.

दहाव्या लिलावाला पलटण आली तेव्हा गाभा राखून ठेवलेला होता, तोही स्वस्तात. त्यामुळे हातात उरलेला पैसा खऱ्या अर्थाने शिल्लक होता. संघात एक कोपरा दुबळा होता, आणि त्या एका कोपऱ्यासाठी दोन कोटी पस्तीस लाख द्यायला त्यांना भीती वाटली नाही. टायटन्सच्या हातात तेवढेच किंवा थोडे जास्त पैसे होते, पण ते शिल्लक नव्हते. तो त्यांचा संपूर्ण संघ उभा करण्याचा पैसा होता. हिशेबाच्या वहीत दोन्ही रकमा सारख्याच दिसतात, एवढीच काय ती फसवणूक. अंतिम सामन्यात सर्वाधिक गुण शादलुईने नाही, पंकज मोहितेने घेतले. त्याच्या चार गुणांच्या एका चढाईने सामना फिरला.

मग टायटन्ससारख्या संघाने काय करावं? मी असतो तर सर्वांत आधी बचावाची जोडी घेतली असती, आणि जोडीच, एकेक नाही. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक एकमेकांच्या पायाच्या हालचालीवर खेळतात. वेगवेगळ्या संघांतले दोन उत्तम बचावपटू एकत्र आणले तरी साखळी जमायला हंगाम जातो. एका नावावर जाणाऱ्या रकमेत अशा दोन जोड्या येतात. दुसरं, थोडा पैसा लिलावाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत राखला असता. पहिल्या दिवशी हात सैल सोडलेल्या संघांच्या थैल्या तोवर रिकाम्या झालेल्या असतात आणि मधल्या दर्जाचे खेळाडू पायाभूत किमतीला, नाहीतर त्याच्या जरा वर मिळतात. आणि मर्यादा खेळाडूंच्या मानधनाला आहे. प्रशिक्षक, फिजिओ, गावोगाव फिरून पोरं हेरणारा माणूस यांना ती लागत नाही. मालकाकडे खरोखर जास्तीचा पैसा असेल तर तो तिथे घालायला कुणी अडवलेलं नाही.

बाराव्या हंगामात टायटन्स पवनशिवाय उतरले. विजय मलिक आणि भरत हुडा यांनी भार वाटून घेतला आणि संघ थेट दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत गेला. तिथे पुणेरी पलटणने त्यांना ५०-४५ असं अडवलं. पवन तमिळ थलायवाजकडे गेला होता. २०२२ च्या हंगामात २ कोटी २६ लाख ५० हजार मोजून त्याला याच थलायवाजने घेतलं होतं, पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला होता आणि त्याच्याविना नरेंदर या नवख्या चढाईपटूच्या जोरावर त्यांनी उपांत्य फेरी गाठली होती.

हे कोटींचं झालं. सेनगाव, औंढा, आखाडा बाळापूर, कुठेही जत्रेच्या किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या स्पर्धेत हाच प्रश्न हजारांत येतो. वर्गणी जमते, मॅटचं भाडं, पंच, जेवण यातून काही रक्कम उरते, आणि बैठकीत कुणीतरी म्हणतं, परभणीकडून एक रेडर आणू. तो येतो, दोन सामने मारतो, पाकीट घेऊन रात्रीच निघतो. पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच फोन, या वेळी भाव जास्त. तेवढ्या पैशात गावच्या आठवी-नववीच्या सहा-सात पोरांचे बूट, गुडघ्याच्या पट्ट्या आणि जिल्हा निवड चाचणीला जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं भागतं. अडचण एकच आहे, पाहुण्या रेडरचा फोटो बॅनरवर छापता येतो आणि एसटीच्या भाड्याचा येत नाही. त्यामुळे बैठकीत हा विषय काढणाऱ्याने सोबत आणखी एकदोघांना घेऊन जावं, आणि तो स्पर्धा संपल्यावर नाही, वर्गणी गोळा करण्याआधी काढावा.