आदल्या दिवशीची कणीक

पुरणपोळीची कणीक आपण कधी ऐनवेळी मळतो का? सैलसर भिजवायची, मीठ-तेल घालायचं, झाकून ठेवायची, मग तेलाचा हात लावून चांगली तिंबायची. तेव्हा कुठं ती पुरण पोटात घेऊन न फाटता पसरते. गव्हात ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन तयार होतं. पाणी मिळालं की ते आपोआप जुळत जातं आणि विसावा मिळाला की सैल पडतं. पिझ्झ्याच्या पिठाचंही असंच असतं. त्यात यीस्ट असतं, एवढाच फरक.

हा फरक आम्हाला महागात पडला. आमच्या गटाला वाढदिवसाची वीस पिझ्झ्यांची ऑर्डर मिळाली. सकाळची धांदल नको म्हणून रात्रीच अडीच किलो मैदा मळला. यीस्ट नेहमीएवढंच घातलं आणि पातेलं ओट्यावर ठेवून झोपलो. दिवस मे महिन्याचे. पहाटे बघतोय तर पीठ पातेल्याबाहेर, वास दारूसारखा आणि लाटायला घेतलं की तुटतंय. मैदा वाया गेला, घेतलेले पैसेही परत द्यावे लागले.

खरं तर हे आपल्याला माहीत असायला हवं होतं. आंबोळीचं पीठ उन्हाळ्यात लवकर फुगतं, थंडीत उशिरा. यीस्टही जिवंत असतं. गारव्यात ते मरत नाही, सावकाश काम करतं, आणि त्या सावकाशीनं पिठाला चव येते. म्हणून रात्रभर ठेवायचं पीठ फ्रीजमध्येच ठेवायचं आणि यीस्ट कमी घालायचं.

आता आमचं प्रमाण असं: एक किलो मैदा, 600 मिली पाणी, 20 ग्रॅम मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि कोरडं यीस्ट सपाट एक छोटा चमचा, म्हणजे साधारण 3 ग्रॅम. त्याच दिवशी करायचं असेल तर यीस्ट तिप्पट. यीस्ट आधी कोमट पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर घालून बघा. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते निकामी झालंय. पाणी कढत नको, त्यानं यीस्ट मरतं. मळून झाल्यावर आठ गोळे करा, तेल लावा आणि घट्ट झाकणाच्या, दुप्पट जागा असलेल्या डब्यात ठेवा. दोन दिवस चांगले राहतात. लाटायच्या आधी तासभर बाहेर काढा, नाहीतर गार गोळा रबरासारखा मागं सरकतो.

लाईट गेली तर फ्रीज उघडू नका. चार तासांच्या वर गेली तर वाट बघत बसू नका, सगळे बेस जाड तव्यावर झाकण ठेवून अर्धवट भाजून घ्या.

चपातीची कणीकही तेल लावून बंद डब्यात एक दिवस राहते. वरून काळपट होते ती हवेमुळं, चिरलेलं सफरचंद काळं पडतं तशी. आंबूस वास आला किंवा चिकट तार सुटली तर मात्र टाकून द्या. आपल्याकडच्या खपली गव्हाचं ग्लुटेन कमजोर, त्याच्यात निम्मा मैदा मिसळल्याशिवाय बेस फुगत नाही. आणि ज्वारीचं पीठ भिजवून ठेवायच्या भानगडीत पडूच नका. त्यात ग्लुटेनच नाही. गरम पाणी आणि हाताची मळणी यांवरच ती भाकरी उभी असते. एकेक गोळा मळायचा आणि लगेच थापायचा.

त्या वीस पिझ्झ्यांची ऑर्डर पुढच्या वर्षी पुन्हा आमच्याकडंच आली. या वेळी आदल्या रात्री आम्ही दोघींच्या घरचे फ्रीज रिकामे करून ठेवले होते.