क्यूबात जाऊन काय खाल? उसाचा रस, केळ्याचे काप आणि रेशनचा पाव

ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर संध्याकाळी चक्कर मारली, तर पुदिना, लिंबू, बर्फ आणि सोड्याचा 'मोजितो' कुठे ना कुठे मिळतोच. नाव क्यूबाचे. तिथे उच्चार मात्र 'मोहितो', आणि त्यात सोड्याबरोबर पांढरी रमही असते. रम बनते उसाच्या मळीपासून. म्हणजे या पेयाची खरी सुरुवात पुदिन्याच्या जुडीपासून नाही, उसाच्या फडापासून होते.

ऊस हाच आपल्याला क्यूबाशी जोडणारा पहिला धागा. तिथे रस्त्यावर चरकातून काढलेला ताजा रस मिळतो, त्याला 'ग्वारापो' म्हणतात. आपल्याकडे रसवंतीत आले-लिंबू टाकतात. तिथे कुणी लिंबू पिळते, कुणी रमचा घोट मिसळते. घुंगरू तेवढे नसतात. हवानाच्या महागड्या बारमध्ये पहिले पेय मागवण्याआधी एक ग्लास ग्वारापो प्यावा, असा आमचा सल्ला.

साखरेच्या देशात साखर आयात

१९९० च्या आसपास क्यूबा वर्षाला सुमारे ८० लाख टन साखर काढत होता आणि सोव्हिएत संघ ती चढ्या भावाने घेत होता. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच संपला. २००२ मध्ये क्यूबाने जवळपास निम्मे साखर कारखाने बंद केले. २०२२-२३ च्या हंगामात उत्पादन साडेतीन लाख टनांच्या आसपास उतरले. तुलनेसाठी, एकट्या महाराष्ट्राने २०२१-२२ मध्ये १३७ लाख टन साखर तयार केली होती. जगाला साखर पुरवणाऱ्या देशावर आज ती बाहेरून आणायची वेळ येते.

हे आधी सांगायचे कारण असे, की क्यूबात तुमच्या ताटात काय येईल हे मेन्यूकार्डापेक्षा टंचाई जास्त ठरवते. कार्डावर वीस पदार्थ असतात आणि वेटर सांगतो, आज दोनच आहेत. त्याच्यावर चिडू नका.

ताटातले बरेच ओळखीचे निघेल

नाव परके, जिन्नस घरचा. 'युका' म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. तो उकडतात आणि वर लसूण, तेल आणि आंबट संत्र्याच्या रसाचा 'मोहो' ओततात. 'बोनियातो' म्हणजे रताळे. 'मलांगा' हा आपल्या अळकुड्यांचा भाऊबंद. 'तोस्तोनेस' म्हणजे कच्च्या केळ्याचे जाड काप: एकदा तळायचे, दाबून चपटे करायचे, पुन्हा तळायचे. मीठ भुरभुरले की झाले.

रोजचे जेवण मात्र भात आणि घेवड्याच्या जातीतल्या दाण्यांचे. काळे दाणे भातातच शिजवले की 'मोरोस इ क्रिस्तियानोस', लाल दाण्यांचा भात 'कोंग्री'. डाळ-तांदळाच्या खिचडीवर वाढलेल्या माणसाला हा प्रकार पहिल्या घासात कळतो.

आणि 'अहियाको'. मका, युका, मलांगा, रताळे, कच्चे केळे, भोपळा सगळे एका पातेल्यात. ऋषिपंचमीची भाजी आठवली ना? फरक एकच, पण मोठा: अहियाकोत मांस असते. क्यूबाचे अभ्यासक फर्नांदो ओर्तिस यांनी १९३९ मधल्या एका व्याख्यानात क्यूबाच्या संस्कृतीलाच अहियाकोची उपमा दिली होती. आफ्रिका, स्पेन आणि मूळ रहिवासी, सगळे एकाच पातेल्यात.

तिखटाची अपेक्षा ठेवू नका. क्यूबाचे जेवण लसूण, जिरे आणि आंबटपणावर चालते, मिरचीवर नाही. बॅगेत लसणाच्या चटणीची पुडी असू द्या.

'रोपा व्हिएहा' हा प्रसिद्ध पदार्थ. अर्थ 'जुने कपडे'. चिंध्यांसारखे उसवलेले गोमांस टोमॅटो-सिमला मिरचीच्या रश्श्यात. गंमत अशी, की क्यूबात स्वतःच्या मालकीची गायसुद्धा परवानगीशिवाय कापणे अनेक दशके गुन्हा होता. २०२१ मध्ये शेतकऱ्यांना अटींसह थोडी मोकळीक मिळाली. त्यामुळे 'जुने कपडे' कित्येकदा मेंढीचे किंवा डुकराचे निघतात. विचारून घ्या.

स्वयंपाक करणारी काय खाते?

१९६२ पासून क्यूबात प्रत्येक कुटुंबाकडे 'लिब्रेता' असते. आपल्या शिधापत्रिकेसारखी वही: तांदूळ, दाणे, साखर, तेल, कॉफी ठरलेल्या मापात. माणशी रोज एक छोटा पाव. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने या पावाचे वजन ८० ग्रॅमवरून ६० ग्रॅम केले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला लहान मुलांसाठी दुधाची भुकटी मिळावी म्हणून क्यूबाने संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे मदत मागितली होती. रेशनच्या कॉफीत भाजलेले वाटाणे दळून मिसळतात. आपल्याकडची चिकोरी आठवा, पण इथे हौस नाही, नाइलाज.

वीज हा वेगळाच प्रश्न. चोळेगावच्या रेल्वेच्या जुन्या पॉवर हाऊसच्या सावलीत वाढलेल्या ठाकुर्लीकरांना हे लवकर समजेल. १८ ऑक्टोबर २०२४ ला एक मोठे वीज केंद्र बंद पडले आणि क्यूबाची अख्खी ग्रिड कोसळली. ग्रिड पूर्ण बसली की बटण दाबून चालू होत नाही. छोट्या संचांपासून सुरू करून एकेक भाग जोडत न्यावा लागतो. म्हणून दिवसच्या दिवस अंधार. तोवर फ्रिजमधले सगळे खराब. त्यामुळे मासे मागवण्याआधी जनरेटर आहे का, हे विचारण्यात लाजू नका.

क्यूबाच्या या ओढाताणीशी भारताचाही थोडा संबंध आहे. १९९२ मध्ये मार्क्सवादी नेते हरकिशनसिंग सुरजित यांच्या पुढाकाराने इथून १० हजार टन गहू जहाजाने क्यूबाला गेला होता.

मग जेवायचे कुठे?

सरकारी हॉटेलापेक्षा 'पालादार' बरे. हे घरगुती रेस्टॉरंट. १९९३ मध्ये कायदेशीर झाले, तेव्हा मालकांना जेमतेम १२ खुर्च्या ठेवता येत. नाव आले एका ब्राझिलियन टीव्ही मालिकेतल्या खानावळीवरून. त्याहून चांगले म्हणजे 'कासा पार्तिक्युलार', पाहुण्यांना खोली देणारे कुटुंब. तिथे नाश्ता सांगून करून घेता येतो आणि पैसे थेट त्या घरात जातात. निघताना साबण, सेल, साध्या गोळ्या ठेवून आलात तर त्या टिपपेक्षा जास्त कामाच्या ठरतात. अमेरिकी बँकांची कार्डे चालत नाहीत. रोख युरो जवळ ठेवा. निघण्याआधी वीज-इंधनाची ताजी स्थितीही पाहा.

हवानातले 'कोपेलिया' हे १९६६ चे सरकारी आइसक्रीम पार्लर चुकवू नका. रांग मोठी, स्वाद मोजकेच. डोंबिवली लोकलची सवय असलेल्यांना रांगेचे काय!

बाटलीवरचे नाव नीट वाचा

बकार्डी क्यूबाची, असे अनेकांना वाटते. कंपनी १८६२ मध्ये सान्तियागो दे क्यूबात सुरू झाली हे खरे, पण १९६० मध्ये फिडेल कास्त्रोंच्या सरकारने तिची मालमत्ता ताब्यात घेतली आणि कुटुंब बाहेर पडले. आज क्यूबात रम म्हणजे 'हवाना क्लब', सरकारी कंपनी आणि फ्रान्सच्या पेर्नो रिकारची भागीदारी. अमेरिकेत मात्र त्याच नावाची दुसरी रम बकार्डी विकते. 'क्यूबन सँडविच' शोधत फिरू नका. ते घडले फ्लोरिडात, स्थलांतरित क्यूबन कामगारांमध्ये.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवावे. भातात मांसाचा तुकडा दिसला नाही, तरी तो डुकराच्या चरबीत शिजलेला असू शकतो. 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, 'सिन मान्तेका' म्हणजे चरबीशिवाय. दोन्ही सांगावे लागते. आणि पपई हवी असेल तर 'फ्रूता बोंबा' मागा. हवानात 'पपाया' हा शब्द चारचौघांत उच्चारायचा नसतो. का, ते तिथल्या पालादारवाल्या मावशींना विचारू नका.