खुर्चीशेजारची सहा वर्षं

जेद्दाला बार्सिलोनाकडून स्पॅनिश सुपर कप हरला आणि दुसऱ्याच दिवशी, १२ जानेवारी २०२६ ला, रेयाल माद्रिदने झाबी अलोन्सोला निरोप दिला. त्याच संध्याकाळी आल्वारो आर्बेलोआच्या गळ्यात माळ पडली. दोन दिवसांनी दुसऱ्या श्रेणीतल्या अल्बासेतेने कोपा देल रेमध्ये त्याचं ३-२ असं स्वागत केलं. अलोन्सोचं चुकलं कुठे, ड्रेसिंग रूममध्ये कोण कोणावर रुसलं होतं, यावर गेल्या काही दिवसांत भरपूर शाई वाहून झाली आहे. त्यात आणखी भर नको. मला खटकते ती दुसरीच गोष्ट. आर्बेलोआ गेल्या उन्हाळ्यापासून कास्तियाचा, म्हणजे रेयालच्या राखीव संघाचा प्रशिक्षक होता. तिथून मुख्य संघापर्यंत पोहोचायला त्याला एक अख्खा हंगामही लागला नाही. त्याच्या आधी तीच जबाबदारी राऊल गोन्झालेझने सहा वर्षं सांभाळली. त्याला वरून बोलावणं आलंच नाही.

राऊल कोण, हे चाळिशीच्या पुढच्या वाचकांना सांगायची गरज नाही. तरुणांसाठी एवढंच, की सात नंबरचा पांढरा शर्ट रोनाल्डोच्या आधी त्याचा होता. रेयालसाठी ७४१ सामने, ३२३ गोल आणि तीन चॅम्पियन्स लीग. गोलांचा विक्रम रोनाल्डोने मोडला, सामन्यांचा अजून कोणाला मोडता आलेला नाही. दक्षिण माद्रिदमधल्या सान क्रिस्तोबाल या कामगार वस्तीतला हा इलेक्ट्रिशियनचा मुलगा घडला तो अॅटलेटिकोच्या अकादमीत. १९९२ मध्ये अॅटलेटिकोचे अध्यक्ष हेसूस गिल यांनी खर्च वाचवायला ती अकादमीच बंद केली आणि पोरगा शेजारच्या घरी गेला. इतका महागात पडलेला काटकसरीचा निर्णय माद्रिदच्या फुटबॉलमध्ये दुसरा शोधून सापडणार नाही. ऑक्टोबर १९९४ मध्ये रेयालचा तेव्हाचा प्रशिक्षक होर्खे वाल्दानोने सतरा वर्षांच्या राऊलला झारागोझाविरुद्ध उतरवलं. त्याने सोप्या संधी घालवल्या, संघही हरला. वाल्दानोने पुढच्या आठवड्यात त्यालाच पुन्हा खेळवलं. समोर अॅटलेटिको होता आणि राऊलने गोल केला.

त्याचा एकच गोल बघायचा असेल तर २००० च्या पॅरिसमधल्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यातला बघा. व्हॅलेन्सियाला कॉर्नर मिळालेला, त्यांचा जवळजवळ सगळा संघ रेयालच्या गोलपाशी. चेंडू बाहेर निघतो आणि राऊल आपल्याच अर्ध्या मैदानातून एकटा सुटतो. समोर फक्त गोलरक्षक कान्यिझारेस, मागून जीव तोडून धावणारा एक बचावपटू. राऊल फार वेगवान कधीच नव्हता. पण घाई करत नाही. कान्यिझारेसला वळसा घालतो आणि चेंडू रिकाम्या जाळ्यात ढकलतो. ३-० आणि कप माद्रिदला.

स्पेनच्या संघात मात्र नशिबाने त्याची थट्टाच केली. १०२ सामने, ४४ गोल, करंडक एकही नाही. २००६ मध्ये प्रशिक्षक लुईस अरागोनेसने त्याला वगळलं आणि दोनच वर्षांत स्पेन युरो जिंकलं, मग विश्वचषक. पुढे जर्मनीत शाल्के, कतारमध्ये अल सद्द, शेवटी न्यूयॉर्क कॉसमॉस. जाईल तिथे काही ना काही जिंकत २०१५ मध्ये त्याने बूट काढले.

तीन वर्षांनी स्पॅनिश महासंघाच्या प्रशिक्षक परवान्याच्या वर्गात राऊल, झावी आणि अलोन्सो एकत्र होते. तिघांच्या वाटा तिथून फुटल्या. झावी कतारमार्गे बार्सिलोनाला गेला. अलोन्सोने सान सेबास्तियनला रेयाल सोसिएदादचा राखीव संघ घेतला, तो दुसऱ्या श्रेणीत चढवला, पुढच्याच हंगामात त्याची घसरणही पाहिली आणि मग लेव्हरकुसेनला जाऊन एकही सामना न हरता बुंडेसलिगा जिंकली. राऊल २०१९ मध्ये कास्तियावर आला.

कास्तिया हे प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण राऊलला ज्या फुटपट्टीने मोजलं गेलं तीच मुळात वाकडी आहे. हा संघ तिसऱ्या श्रेणीत खेळतो, त्या श्रेणीचं नाव मात्र 'प्रिमेरा फेदेरासिओन', म्हणजे पहिली! चाळीस संघ, दोन गट, वर जाणार चार. राखीव संघाला आपल्या मुख्य संघाच्या श्रेणीत खेळता येत नाही, म्हणजे कास्तिया फार तर दुसरीपर्यंत चढणार. (कोपा देल रेमध्ये पूर्वी असं बंधन नव्हतं. १९८० मध्ये कास्तिया चक्क अंतिम फेरीत रेयालसमोर उभा राहिला आणि १-६ असा हरला. त्या जोरावर पुढच्या हंगामात तो युरोपातही खेळून आला.) घरचं मैदान वाल्देबेबासच्या सराव संकुलातलं, सहा हजार खुर्च्यांचं. पाहुणे म्हणून येतात ते छोट्या शहरांचे क्लब. त्यांच्यासाठी ही लढाई पोटापाण्याची असते आणि त्यांचे तिशी ओलांडलेले बचावपटू विशीतल्या पोरांना ढोपरांची ओळख करून देतात.

आणि या संघाचा प्रशिक्षक शुक्रवारपर्यंत सांगू शकत नाही की रविवारी त्याच्याकडे कोण असेल. वर कोणाचा गुडघा गेला की खालून पोरगं उचललं जातं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओसासुनाविरुद्ध मुख्य संघाचा बचावपटू मिलिताव जायबंदी झाला. कास्तियाचा राऊल आसेन्सिओ मैदानात आला आणि त्याने लांबून दिलेल्या पासवर बेलिंगहॅमने गोल केला. त्या दिवसापासून आसेन्सिओ मुख्य संघाचाच झाला. मुख्य संघाचा तेव्हाचा प्रशिक्षक अन्चेलॉटीने कौतुक झेललं, राऊल नवा बचावपटू शोधत बसला. फेब्रुवारीत गोन्झालो गार्सियाची पाळी. लेगानेसविरुद्ध ९३ व्या मिनिटाला विजयी गोल करून तो पुन्हा तिसऱ्या श्रेणीत परतला.

सहा हंगामांत बढती एकदाही नाही, हा राऊलवरचा कायमचा ठपका. २०२३ मध्ये ती हाताशी आली होती. प्लेऑफच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाच्या राखीव संघाने राऊलच्या पोरांना पहिल्या सामन्यात ४-२ हरवलं, परतीच्या सामन्यात कास्तियाने ३-० ने हिशेब चुकता केला. आता फक्त एल्देन्से उरला होता, अलिकान्ते प्रांतातल्या एल्दा या चपला-बूट बनवणाऱ्या गावाचा क्लब. वर गेला तो एल्देन्से.

मला विचाराल तर राऊल प्रशिक्षक म्हणून नापास झाला असं म्हणायला पुरावा नाही, आणि तो मोठा प्रशिक्षक आहे असं म्हणायलाही नाही. युरोपीय युवा लीग त्याने २०२० मध्ये जिंकून दिली. रेयालने ती त्याआधी कधीच जिंकली नव्हती. पण मोठ्यांच्या संघात, पगारदार आणि अहंकारी खेळाडूंसमोर त्याचं काय होतं, हे त्याने कोणाला कळूच दिलं नाही. जर्मनीतून, इंग्लंडमधून विचारणा झाल्याच्या बातम्या दरवर्षी यायच्या. तो जागचा हलला नाही. कास्तियातून झिदान थेट वर गेला होता, सोलारीही गेला होता. सरकारी नोकरीत सेवाज्येष्ठतेने कधीतरी बढती लागते, तसा राऊलचा हिशेब असावा. पण अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेझच्या कारभारात ज्येष्ठतेला भाव नाही. २०२१ मध्ये झिदान गेला तेव्हा त्यांनी अन्चेलॉटीला बोलावलं, २०२५ मध्ये अन्चेलॉटी गेला तेव्हा अलोन्सोला. त्यानंतर राऊल क्लबमधून बाहेर पडला. खरं तर चार वर्षं आधीच पडायला हवं होतं.

बाहेर पडल्याने काय होतं याचं उदाहरण आपल्या शेजारी आहे. मानोलो मार्केझने उमेदीची वर्षं कॅटलोनियाच्या खालच्या श्रेणींत काढली. मग लास पाल्मासला थोडके दिवस मोठ्या लीगमध्ये. तो पन्नाशीनंतर हैदराबादला आला आणि २०२२ मध्ये फातोर्ड्याला आयएसएल जिंकून गेला. भारतीय संघाबरोबर त्याचं जमलं नाही, आठ सामन्यांत एक विजय. पण एफसी गोवाला त्याने २०२५ या एकाच वर्षात दोनदा सुपर कप मिळवून दिला, मे महिन्यात भुवनेश्वरला आणि डिसेंबरमध्ये घरच्या मैदानावर ईस्ट बंगालविरुद्ध पेनल्टींवर. राऊलच्या नावापुढे मार्केझचं नाव घ्यायला माद्रिदमध्ये लोक हसतील. हसू देत. मार्केझच्या खात्यावर निकाल आहेत, चांगले आणि वाईटही.

आर्बेलोआ टिकतो की नाही, हे लवकरच कळेल. कास्तिया अजून तिसऱ्या श्रेणीतच आहे. तिथे राऊलने काय केलं हे बघायचं असेल तर गुणतक्ता उघडू नका. कोमोचा सामना लागला की निको पाझकडे बघा, नापोलीचा लागला की डाव्या बगलेवरच्या मिगेल गुतिएरेझकडे. गोन्झालो गार्सिया गेल्या उन्हाळ्यात क्लब विश्वचषकात सर्वाधिक गोल करून आता आर्बेलोआच्या हाताखाली आहे. ही तिन्ही पोरं राऊलच्या हाताखालून गेलेली आहेत.