सजद्यातून उठताना

गेल्या रमजानात आमची एक जुनी विद्यार्थिनी फोनवर रडली. सातवा महिना. सजद्यातून उठताना, कूस बदलताना कमरेखाली अशी कळ यायची की जीव नको व्हायचा. शोहर कुवेतला. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही नववा लागला तरी विहिरीचं पाणी ओढलं." फिजिओथेरपिस्ट गाठायची तर एसटीने दीड तास, आणि रस्त्यातले धक्के नेमके दुखऱ्या जागीच.

हे नाटक नव्हे. गरोदरपणात साधारण पाचातल्या एकीला कटीच्या सांध्यांचे दुखणे होते. आम्ही तिला आधी प्रसूतीच्या डॉक्टरांना दाखवायला लावले. त्यांनी हरकत नाही म्हटल्यावर व्हिडिओ कॉलवर एका महिला फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली.

मोठी अडचण परद्याची वाटत होती. दार लावले, कॉल रेकॉर्ड होणार नाही हे आधीच विचारून घेतले, सैल सलवार-कमीज घातला आणि मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवला. चालणे, खुर्चीतून उठणे बाईंना त्यातून नीट दिसले. हात लावून तपासणे मात्र फोनवर होत नाही, हेही त्यांनीच सांगितले.

उपाय साधे निघाले. कूस बदलताना गुडघे जुळलेले, झोपताना त्यांच्यामध्ये उशी. सलवार बसूनच घालायची, एका पायावर उभे राहायचे नाही. दुखणे उतरेपर्यंत नमाज खुर्चीवर. ती सवलत दीनने दिलेलीच आहे, पण आपल्या मुलींना ती घ्यायलाही लाज वाटते! पुढे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम: लघवी रोखल्यासारखे आत ओढायचे, सोडायचे, श्वास कोंडायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली निरोगी गरोदर स्त्रीलाही आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे. आमच्याकडे 'पडून राहा' हाच सल्ला अजून चालतो.

रक्तस्राव, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, एकाच पोटरीला सूज, धाप. यांपैकी काही झाले तर कॉलची वाट न पाहता थेट दवाखाना, हे बाईंनी दोनदा बजावले.

तिसऱ्या कॉलला मोबाईल धरायला सासूबाई आत बसल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, मला खोकला आला की कपडे ओले होतात. वीस वर्षं झाली. हा व्यायाम मला चालेल का?"

सुनेने मोबाईल त्यांच्याकडे वळवला आणि खुर्ची पुढे सरकवली.