पांढऱ्याशुभ्र डोळ्यातली सूज

लहानपणीच्या संधिवातात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. काही मुलांच्या डोळ्यांतही ती सूज आणते. या सुजेला युव्हायटिस म्हणतात. सात वर्षांच्या आत आजार जडलेल्या, मोजकेच सांधे सुजलेल्या आणि रक्ताची एएनए तपासणी पॉझिटिव्ह आलेल्या मुलांना, विशेषतः मुलींना, हा धोका सर्वाधिक असतो.

खरा घात हा, की असा डोळा बहुधा लाल होत नाही, दुखत नाही. सूज आतल्या आत चालू राहते. बाहुली मागच्या भिंगाला चिकटून वेडीवाकडी होते, बुबुळावर कॅल्शियमचा आडवा पांढरट पट्टा चढतो, पाचव्या-सहाव्या वर्षीच मोतीबिंदू किंवा काचबिंदू होऊ शकतो. लहान मूल एका डोळ्याने कमी दिसते हे सांगत नाही. त्याला ते कळतही नाही.

ही सूज स्लिट लॅम्प या नेत्रतपासणीच्या यंत्राखालीच ओळखता येते. डोळ्यात सोडलेल्या बारीक प्रकाशरेषेत, कवाडाच्या फटीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगावी तशा, पेशी तरंगताना दिसतात. जास्त धोक्याच्या मुलांची ही तपासणी दर तीन महिन्यांनी व्हावी लागते.

संग्रामपूरसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यात या आजाराचा पहिला धागा गुडघ्यातच सापडतो. मूल सकाळी लंगडते, दुपारपर्यंत नीट चालते. घरच्यांना वाटते, मुकामार लागला असेल. महाराष्ट्रात पालघर येथून 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतात. त्यांचा अक्षरांचा तक्ता नजर मोजतो, सूज नाही. म्हणून सहा आठवडे न उतरलेली सांध्याची सूज पथकाला, आशाताईंना आवर्जून दाखवावी, आणि संधिवाताचे निदान होताच नेत्रतज्ज्ञाकडे जावे, मग त्यासाठी अकोला गाठावे लागले तरी.

उपचार स्टेरॉइडच्या थेंबांनी सुरू होतो. मात्र हे थेंब फार काळ चालले तर तेही मोतीबिंदू आणि काचबिंदू आणतात, त्यामुळे पुढे मेथोट्रेक्सेट दिले जाते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतू शकते. तेवढ्याने भागले नाही तर अ‍ॅडालिमुमॅबचे इंजेक्शन जोडतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 90 मुलांवरील ब्रिटिश चाचणीत ते जोडल्यावर उपचार फसण्याचे प्रमाण बरेच कमी झाले. औषध थांबवल्यावर सूज परतू शकते, म्हणून सांधे शांत असतानाही डोळ्यांची तपासणी काही वर्षे चालू ठेवावी लागते.