एशियाडची दिल्ली

घरातल्या मोठ्या माणसांना विचारून पाहा, "एशियाड म्हणजे काय?" पुष्कळ जण सांगतील, "एसटीची निमआराम गाडी!" हे उत्तर काही खोटे नाही. १९८२ साली दिल्लीला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा खेळाडूंची ने-आण करण्यासाठी महाराष्ट्राच्या एसटीच्या गाड्या तिकडे गेल्या होत्या. स्पर्धा संपल्यावर त्या परत आल्या आणि दादर-पुणे मार्गावर धावू लागल्या. लोकांनी त्यांना 'एशियाड' हेच नाव ठेवले.

आता खरी एशियाड म्हणजे काय ते पाहू. आशिया हा एक खंड आहे. उर्दूत तुम्ही त्याला 'बर्रे आझम' म्हणता. या खंडातील देशांचे खेळाडू साधारणपणे चार वर्षांनी एका शहरात जमतात. ते शहर म्हणजे यजमान, तुमच्या भाषेत मेजबान. घरी चार पाहुणे यायचे असले तरी आपली किती धावपळ होते! मग ज्या शहराकडे सारा खंड पाहुणा म्हणून येणार, त्या शहराचे काय होत असेल?

दिल्लीला हा मान दोनदा मिळाला. पहिल्यांदा १९५१ च्या मार्च महिन्यात. आशियाई स्पर्धांची सुरुवातच तेव्हा झाली. देश स्वतंत्र होऊन चार वर्षेही पुरी झाली नव्हती आणि फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. पूर्वी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकवणारे गुरुदत्त सोंधी यांनी या स्पर्धांचा ध्यास घेतला होता. स्पर्धा खरे तर १९५० मध्येच व्हायच्या, पण तयारी पुरी न झाल्यामुळे त्या एक वर्ष पुढे गेल्या. हाताशी पैसा थोडा होता. म्हणून १९३३ साली बांधलेले जुने मैदान नीट करून त्याला 'नॅशनल स्टेडियम' हे नाव दिले. खेळाडूंना उतरायला लष्कराच्या बराकी मिळाल्या. लाल किल्ल्यात सूर्याच्या किरणांनी मशाल पेटवण्यात आली. ११ देशांचे ४८९ खेळाडू आले. सहा प्रकारचे खेळ झाले, बस्स. पण एक गोष्ट फार मोठी झाली. महायुद्धानंतर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावले नव्हते. दिल्लीने मात्र जपानला बोलावले. जपान आला आणि २४ सुवर्णपदके घेऊन पहिला आला! १५ सुवर्णपदके मिळवून भारत दुसरा आला. मुंबईतील वांद्र्याच्या मेरी डिसोझा यांना २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळाले. मला ही बराकीतली एशियाड फार आवडते. घर साधे होते, पण मन मोठे होते.

दुसऱ्यांदा हा मान मिळाला १९८२ मध्ये. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर. आता पाहुणे होते ३३ देशांचे सुमारे ३,४०० खेळाडू. जुन्या मैदानावर भागणार नव्हते. जवाहरलाल नेहरू स्टेडियम नवे बांधले. यमुनेच्या बाजूला इंद्रप्रस्थ नावाचे छपराचे प्रचंड क्रीडागृह उभे राहिले. त्यालाच पुढे इंदिरा गांधींचे नाव दिले गेले. तालकटोऱ्याला पोहण्याचा तलाव झाला. रस्त्यांवर उड्डाणपूल आले. अलाउद्दीन खिलजीने वसवलेल्या सिरी शहराच्या पडक्या भिंती जिथे आहेत, त्या भागात खेळाडूंसाठी खेळगाव वसवले. त्याचा आराखडा राज रेवल या वास्तुकाराने केला. 'अप्पू' नावाचा छोटा हत्ती स्पर्धेचे बोधचिन्ह झाला आणि मुलांचा लाडका झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शनवर रंगीत चित्रे दिसू लागली होती, त्यामुळे पुष्कळांनी हे खेळ रंगात पाहिले.

खेळांत काय झाले ते थोडक्यात सांगतो. एम. डी. वल्सम्मा यांनी ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. महिला हॉकीचे सुवर्णपदकही आपल्याला मिळाले. पुरुषांच्या हॉकीत अंतिम सामना पाकिस्तानशी होता. त्यात आपण ७-१ असे हरलो. त्याबद्दल लोक आजही हळहळतात, म्हणून अधिक लिहीत नाही.

मला तुम्हांला सांगायचे आहे ते मैदानाबाहेरचे. एवढ्या इमारती, एवढे पूल कोणी बांधले? हजारो मजुरांनी. त्यांतले पुष्कळसे दुसऱ्या राज्यांतून पोटासाठी आलेले होते. स्पर्धेची तारीख ठरलेली, ती पुढे ढकलता येत नव्हती. काम सरकारी संस्थांचे, त्यांनी ते ठेकेदारांना दिले होते. ठेकेदारांनी मजूर आणण्यासाठी जमादार नेमले. आपण त्यांना मुकादम म्हणतो. तीन समाजशास्त्रज्ञांनी या कामांच्या जागी जाऊन पाहणी केली आणि अहवाल लिहिला. त्यात काय आढळले? मजुराला कायद्याने दिवसाला ९ रुपये २५ पैसे मिळायला हवे होते. त्याला किमान वेतन म्हणतात. पण मजुरी जमादाराच्या हातून जाई आणि तो प्रत्येकाच्या मजुरीतून रोज एक रुपया कापून घेई. स्त्रियांच्या हातात तर सातच रुपये पडत. शिवाय चौदा वर्षांखालची मुलेही कामाला होती.

एक रुपया ऐकायला थोडा वाटतो. वहीत हिशेब करून पाहा. महिन्याला २६ दिवस काम धरले, तर २६ रुपये गेले. म्हणजे जवळजवळ तीन दिवस माणूस फुकट राबला. आणि स्त्रीच्या मजुरीतला जवळजवळ चौथा हिस्सा गेला.

हा अहवाल जोडून लोकशाही हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना एक पत्र लिहिले. होय, साधे पत्र! न्यायालयाने तेच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. सरकारच्या बाजूने सांगण्यात आले, "पत्र लिहिणाऱ्यांचे स्वतःचे काहीच नुकसान झालेले नाही. मग त्यांची तक्रार का ऐकावी?" न्यायालय म्हणाले, जो गरीब आहे, अडाणी आहे, ज्याला न्यायालयाचे दार माहीत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्याने दार ठोठावले तरी चालेल. अशा अर्जाला जनहित याचिका म्हणतात. त्या काळी ही गोष्ट नवीनच होती.

१८ सप्टेंबर १९८२ रोजी निकाल लागला. स्पर्धेला तेव्हा दोन महिने आणि एक दिवस उरला होता. आपल्या राज्यघटनेचे कलम २३ सक्तीच्या मजुरीला मनाई करते. या कलमात 'बेगार' हा शब्द आहे. तो तुम्हांला माहीत आहेच. मराठीने त्याला 'वेठ' हा शब्द जोडून 'वेठबिगार' असा शब्द केला. बेगार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साखळदंड किंवा चाबूक येतो. पण दिल्लीच्या मजुरांना कोणी बांधून ठेवले नव्हते. तेच कामावर येत होते. मग त्यांच्यावर सक्ती कसली?

न्यायालयाचे उत्तर लक्ष देऊन वाचा. भूकसुद्धा सक्ती करते. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही, तो माणूस मिळेल त्या पैशात काम करतो. तो आपल्या खुशीने किमान वेतनापेक्षा कमी घेतो, असे म्हणता येत नाही. म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैसे देऊन घेतलेले काम ही सक्तीची मजुरीच आहे, असे न्यायालयाने ठरवले. काम ठेकेदाराकडे दिले म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, हेही सांगितले. मुलांच्या बाबतीत सरकारचे म्हणणे असे होते की, मुलांच्या नोकरीबद्दलच्या १९३८ च्या कायद्यात बांधकामाचे नावच नाही. न्यायालयाने सांगितले की, राज्यघटनेचे कलम २४ तर आहे! बांधकाम धोक्याचे काम आहे आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला त्यावर ठेवता येणार नाही.

दिल्लीचे पाहुणे ४ डिसेंबरला आपापल्या देशांत परत गेले. तो निकाल मात्र दिल्लीपुरता राहिला नाही. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात दुष्काळाच्या कामावर मजूर रस्ता बांधत होते. त्यांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळत होते. "हे तर मदतीचे काम आहे, येथे किमान वेतन कशाला?" असे तेथील सरकारचे म्हणणे होते. १९८३ च्या जानेवारीत तो खटला न्यायमूर्ती भगवतींसमोर आला. त्यांनी एशियाडच्या मजुरांचा निकाल पुढे ठेवला आणि रस्त्यावरच्या त्या मजुरांनाही पुरे वेतन द्यायला सांगितले.